लाल डब्यातली हिरवी काच

कोपरा फाडलेलं कार्ड माझ्या हाती पडलं, तेव्हा मामांना जाऊन अकरा दिवस झाले होते. ते आधी पुण्यातल्या माझ्या जुन्या खोलीच्या पत्त्यावर गेलं, तिथे कोणाच्या तरी फळीवर पडून राहिलं, आणि मग वसतिगृहाच्या गड्याने ते मला जेवणघराच्या दारात आणून दिलं. कोपरा पाहूनच कोणी तरी गेल्याचं कळलं. अक्षर पळसदरीच्या शाळामास्तरांचं होतं. 'आपले मामा भागोजी चार दिवसांच्या तापाने वारले, इलाज चालला नाही,' असं त्यांनी रीतीप्रमाणे लिहिलं होतं. पण शेवटची ओळ मास्तरांची नव्हती. मामीने सांगितली तशीच त्यांनी ती उतरवली होती : 'काचंचं डबं दत्तूला द्यायचं म्हनलं व्हतं, येऊन घेऊन जा.' दत्तू म्हणजे मी. असलं कार्ड वाचून फाडून टाकायचं असतं, घरात ठेवायचं नसतं, हे मला माहीत आहे. तरी ते दोन दिवस माझ्या पुस्तकात राहिलं, त्या एका ओळीसाठी.

मामांवर लेख लिहावा असं त्यांनी काय केलं, असं कोणी विचारलं तर मला उत्तर देता येणार नाही. ते रेल्वेत सांधेवाले होते. घाटाच्या पायथ्याशी, पळसदरीला, एका लहानशा कॅबिनजवळ गाडीचे डबे एका रुळावरून दुसऱ्यावर घेताना सांधे बदलायचे, दिवसा झेंडी आणि अंधार पडू लागला की हातदिवा दाखवायचा, हे त्यांचं काम. आमचं घर खालापूरकडच्या एका खेड्यात, भातशेतीचं. आमच्या घरात चौथीच्या पुढे कोणी शिकलं नव्हतं, कारण चौथीच्या पुढे गावात शाळाच नव्हती. मामांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी एके दिवशी येऊन माझ्या बापाला सांगितलं, "पोराला माज्याकडं दे. कर्जतला इंग्रजी शाळा हाय. रुळाच्या कडंनं चालत गेला तर तासाभरात पोचंल." बाप म्हणाला, "शिकून काय करनार?" मामा म्हणाले, "ते त्याला शिकल्याव कळंल. आपल्याला कसं कळनार?" एवढ्या बोलण्यावर माझं शिक्षण ठरलं. त्यानंतर सहा वर्षं मी त्यांच्या रेल्वेच्या खोलीत राहिलो.

पळसदरीचं तळं तेव्हा इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलेलं म्हणून ओळखलं जाई. होळीनंतर त्याचं पाणी उतरू लागतं आणि काठाला खडीचा एक पट्टा उघडा पडतो. दुपारचा वारा सुटला की तळ्यातही लहान लाटा उठतात आणि त्या खडीवर येऊन खळखळतात. त्या पट्ट्यात काचा सापडत. सोड्याच्या बाटल्यांच्या हिरव्या, औषधांच्या बाटल्यांच्या तपकिरी, कंदिलांच्या पांढऱ्या. वरच्या ओढ्यात वर्षानुवर्षं लोकांनी टाकलेली फुटकी काच पावसात वाहत तळ्यात येई, आणि खडीवर घासून घासून तिच्या कडा जात, अंगावर धुक्यासारखा पापुद्रा येई. मामा त्यांना पानकाचा, म्हणजे पाण्यातल्या काचा, म्हणत. रविवारी पाळी नसली की धोतर खोचून ते वाकून वाकून काठाने चालत आणि मी मागे. धारदार तुकडा सापडला तर ते तो घेत नसत. अंगठ्याने कड पाहून म्हणत, "कच्ची हाय अजून. चावती." आणि लांब पाण्यात भिरकावून देत. मी एकदा म्हणालो, "मामा, ती परत आपल्याला सापडंल कशावरनं?" ते म्हणाले, "आपल्याला नाय तर दुसऱ्या कुनाला. घाई कसली हाय तिला?"

सगळ्यांत दुर्मीळ लाल. लाल बाटली कोणी वापरत नाही. लाल काच म्हणजे फुटलेल्या रेल्वेच्या दिव्याची. इतक्या वर्षांत मामांना फक्त अकरा लाल तुकडे मिळाले होते. ठेवायला चहाचे तीन पत्र्याचे डबे होते. एक पांढऱ्यांचा, एक हिरव्यांचा, आणि तिसऱ्यात लाल आणि तपकिरी एकत्र. तो लाल डबा. संध्याकाळच्या आधी, उजेड असताना, पडवीत घोंगडी अंथरून मामा धुतलेल्या काचा त्या डब्यांत वाटत. मामी भाकरीचं पीठ मळता मळता म्हणे, "लोकांचं नवरं तळ्यावरनं मासं आनत्यात. माजा बघा, दगडं आनतो." मामा म्हणत, "मासा खाल्ला की संपला. ह्ये तुला जन्मभर पुरंल." "व्हय, कालवन करते त्याचं," मामी म्हणे. स्टेशनावरचे हमालही त्यांना काचवाला मामा म्हणत, मामीला बांगड्या कधी करणार असं विचारत. मामा हसत. तंबाखूची चिमूट दाढेला धरलेली असे, त्यामुळे त्यांचं हसणं नेहमी एका बाजूला व्हायचं.

मी मॅट्रिकच्या वर्गात जाणार होतो, त्या वर्षीच्या होळीनंतरची गोष्ट. वाटता वाटता मामांनी सोड्याच्या बाटलीचा एक चांगला हिरवा तुकडा लाल डब्यात टाकला. मला वाटलं, थट्टा करतायत. मी म्हणालो, "मामा, ती हिरवी हाय." मामा थांबले. तुकडा काढून उजेडाकडे धरला, डोळे बारीक केले. "हिरवीच हाय की. मी काय आंधळा हाय व्हय रं?" असं म्हणून हसत हिरव्या डब्यात टाकला. पुढच्या रविवारी असे तीन तुकडे चुकले. मी पहिला सांगितला, दुसरा सांगितला. तिसरा सांगताना मी मामांच्या तोंडाकडे पाहिलं आणि... तिसरा मी सांगितला नाही. ते हात धुवायला उठले तेव्हा मी तो गुपचूप लाल डब्यातून उचलून हिरव्यात ठेवला. मामीने चुलीपुढून पाहिलं. "काय करतोस रं?" "काय नाय, मामी." ती पुन्हा चुलीकडे वळली.

तेव्हापासून तो माझा शिरस्ताच झाला. दर रविवारी मामा काचा वाटत, मग हात धुवायला मोरीवर जात, आणि तेवढ्यात मी डबे सारखे करी. परत येऊन मामा डब्यांवर वाकून विचारत, "बघ रं दत्तू, समदं बरोबर हाय ना?" आणि मी म्हणे, "बरोबर हाय." मला वाटत होतं, मी मामांवर माया करतोय. त्यांना वाईट वाटू नये म्हणून करतोय. पण खरं लिहायचं तर तेवढंच नव्हतं. सांधेवाल्याला लाल आणि हिरवं ओळखता आलं नाही तर त्याची जागा जाते, हे मला कळत होतं. जागा गेली की रेल्वेची खोली जाते, आणि खोली गेली की माझी शाळा. मी मॅट्रिकच्या तोंडावर होतो. हे मी त्या वेळी स्वतःशीसुद्धा नीट बोललो नव्हतो. पण आज ते न लिहिता मामांबद्दल काही लिहिणं म्हणजे पुन्हा डबे सारखे करून ठेवण्यासारखं होईल.

लढाईचे दिवस होते, मालगाड्या वाढल्या होत्या आणि मामांच्या पाळ्या लांबत होत्या. कॅबिनच्या पुढे रूळ वळतात. त्या वळणामुळे मागच्या टोकाला उभ्या असलेल्या गार्डचा दिवा इंजिनावरच्या ड्रायव्हरला दिसत नसे. मध्ये उभं राहून गार्डचा दिवा पाहायचा आणि तोच रंग आपल्या दिव्याने पुढे दाखवायचा, हे मामांकडे होतं. त्यांचा स्वतःचा दिवा त्यांना हाताने पाठ होता. वरची चकती एका खटक्यावर लाल, दुसऱ्यावर हिरवी. पण गार्डचा दिवा डोळ्यांनीच पाहावा लागे. श्रावणात एका दिवेलागणीला गार्डने लाल दाखवला आणि मामांनी पुढे हिरवा दाखवला. इंजिनाने डबे मागे ढकलले. रुळावर चिमा नावाचा गँगमन वाकून बोल्ट आवळत होता. तो जवळच्या कोंडाणे गावाच्या वरच्या वाडीतला, अंगाने हलका, म्हणून वाचला. त्याने बाजूला उडी टाकली, गुडघा फुटला, आणि त्याची हत्यारांची पेटी चाकाखाली चपटी झाली. गार्डच्या शिट्टीवर डबे थांबले. मोठे साहेब आले, त्यांनी धुकं होतं, दिव्याची काच काजळली होती असं लिहून घेतलं. कोणीही मामांना बोल लावला नाही. चिमाने तर हसून सांगितलं, "भागूदादा, पेटी नवीन मिळंल. गुडघा माजाच हाय, तो भरंल."

मामा त्या संध्याकाळी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी रविवार नव्हता, तरी सकाळी त्यांनी घोंगडी अंथरली आणि तिन्ही डबे त्यावर पालथे केले. वर्षानुवर्षांच्या काचा एकमेकींत मिसळल्या. मग ते एकटेच बसून एकेक वाटू लागले. मी जवळ जाऊ लागलो तर हाताने थांबवलं. सगळं वाटून झाल्यावर ते उठले आणि बाहेर गेले. थोड्या वेळाने आले ते चिमाला धरून घेऊन. चिमाचा गुडघा फडक्याने बांधलेला. त्याला घोंगडीवर बसवून मामा म्हणाले, "चिमा, हे डबे बघ. कोनत्या डब्यात कोनती चुकलीय, ती काडून भुईवर ठेव."

चिमाला हे काय चाललंय कळलं नाही. त्याला गंमत वाटली. "दादा, ह्यो काय खेळ हाय? माजी पेटी मोडली म्हनून काचा देतोस का?" असं म्हणत त्याने लाल डब्यात हात घातला. "ही बघ, ही हिरवी. लालीत कशी टाकलीस?" एक भुईवर ठेवली. "ही बी हिरवी. ही बी. अरं दादा, डोळं मिटून वाटल्यास का काय?" हिरव्या डब्यातून त्याने लाल काढली. अकरांपैकी सहा लाल हिरव्या डब्यात होत्या. तो हसत होता आणि भुईवरची रांग पडवीच्या खांबापर्यंत गेली. मग मामांच्या तोंडाकडे पाहून त्याचं हसणं थांबलं. मामा काचांकडे पाहतच नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते.

"कदीपासनं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "होळीपासनं."

मामांनी भुईवरची एक काच उचलून पुन्हा खाली ठेवली. चिमा गुडघ्यावर हात ठेवून तसाच बसून राहिला. मग मामा अगदी हळू म्हणाले, "मला वाटलं व्हतं, कायतरी बिघडलंय. म्हनून तुला इचारत व्हतो दर आयतवारी. काचांसाटी नाय रं इचारत... गाडीसाटी इचारत व्हतो. तू बरोबर म्हनलास की मी सोमवारी कामाव जायाचो." ते रागावले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला किती तरी वेळा वाटलं आहे.

त्याच दिवशी मामा कर्जतला जाऊन रेल्वेच्या डॉक्टरांना भेटले आणि आपण होऊन सगळं सांगितलं. डॉक्टरांनी रंगीत लोकरीच्या लडी पुढे टाकून रंग ओळखता येतात का ते पाहिलं. तंबाखूने डोळ्याची शीर सुकवली आहे, तंबाखू सोडलीत तर आणखी बिघडणार नाही, असं म्हणाले. मामांनी तंबाखूची पिशवी डॉक्टरांच्या दारातच टाकली. सांध्यावरून त्यांना काढलं, स्टेशनावर पाणी भरायला ठेवलं. खोली गेली. तळ्याच्या वरच्या अंगाला कारवीच्या काठ्यांच्या कुडाची, वर पेंढा घातलेली एक झोपडी त्यांनी उभी केली. कूड लिंपायला चिमा आणि त्याची बायको आली होती. मी माझी पत्र्याची पेटी बांधून ठेवली होती. मामा मला घरी पाठवणार, हे मी धरूनच चाललो होतो. त्यांनी पेटी पाहिली आणि विचारलं, "ही कुटं चालली?" मी पेटीची दोरी आवळत राहिलो. "शाळा सुटली का तुजी? नाय ना? मग सोड ती दोरी." त्या झोपडीतून मी मॅट्रिक झालो. पास झाल्याचं कळलं तेव्हा मामा स्टेशनावर घागर घेऊन उभे होते. घागर खाली ठेवून त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगितलं. डोळ्यांची गोष्ट मात्र त्यांनी माझ्यापाशी पुन्हा कधी काढली नाही.

काचा त्यांनी सोडल्या नाहीत. सुट्टीत मी पुण्याहून गेलो की ते तळ्यावर असत. आता ते डोळ्यांपेक्षा पायांनी शोधत. अनवाणी चालत आणि गुळगुळीत काही लागलं की वाकत. कच्ची असली तर पूर्वीसारखीच पाण्यात टाकत. संध्याकाळी घोंगडीवर बसून डबेही भरत. फक्त एक गोष्ट बदलली होती. डबे भरून झाले की ते झाकण लावून टाकत. "बघ रं दत्तू, समदं बरोबर हाय ना?" हे त्या श्रावणानंतर त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.

मला वाटायचं, विचारावं. एकदा विचारावं, म्हणजे मी खरं सांगेन. गेल्या दिवाळीत, म्हणजे आमच्या शेवटच्या भेटीत, तो क्षण आला होता असं मला वाटतं. मी निघायचा दिवस. गाडीला तासभर अवकाश होता. मामा एक तुकडा हातात धरून बसले होते, जाड, बाटलीच्या बुडाचा, हिरवा. लाल डब्यावर त्यांचा हात थांबला. मग हिरव्यावर. मग पुन्हा लालवर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "गाडीला उशीर व्हईल तुला, ऊठ." तुकडा लाल डब्यात पडला, त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्यांनी विचारायची वाट न बघता मीच सांगायला हवं होतं. सांगणं इतकं सोपं होतं. पण होळीपासून श्रावणापर्यंत जी जीभ गप्प राहिली, ती तिथेही गप्प राहिली. मी पाया पडलो आणि उठलो.

कार्ड मिळाल्यावर परीक्षेमुळे मला लगेच निघता आलं नाही. पोचलो तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. मामी झोपडीच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून ती रडली, मीही रडलो. मग तिने उठून मामांच्या जुन्या फेट्यात बांधलेले तीन डबे आणले आणि घोंगडीवर ठेवले. शेवटच्या तापात मामा पाणी मागत नव्हते, डबे कुठे आहेत ते विचारत होते, असं ती म्हणाली. मी गाठ सोडली. तिन्ही डब्यांना झाकणं लावलेली होती.

मामी म्हणाली, "त्या वक्ताला मी बी बघत व्हते रं. तू काचा हलवायचास तवा. मला बी खोलीची काळजी व्हती. मी बी बोलले नाय." हे तिने माझ्याकडे न पाहता सांगितलं. मग ती म्हणाली, "आता बघ. समदं बरोबर हाय का?"

मी लाल डबा उघडला. वरच तो जाड, बाटलीच्या बुडाचा तुकडा होता. मी म्हणालो, "नाय मामी. चुकल्यात." आणि मी तिला एकेक दाखवत गेलो. ही हिरवी हाय, लालीत हाय. ही बी. ही बी. हिरव्या डब्यात या चार लाल हायत. मी तपकिरीसुद्धा सोडली नाही. मामी प्रत्येक तुकडा हातात घेऊन पाहत होती आणि मान हलवत होती. सगळं सांगून होईस्तोवर ऊन दारातून सरकून कुडावर गेलं होतं.

"मग सारकं कर की," ती म्हणाली.

मी एकेक तुकडा मामांनी ठेवला होता त्याच डब्यात परत ठेवला आणि झाकणं लावली.

ते डबे आता वसतिगृहात माझ्या खिडकीत आहेत. शेजारच्या खोलीतला एक विद्यार्थी परवा काचा पाहायला आला होता. हुशार आहे, रसायनशास्त्र घेतलं आहे. लाल डब्यात बोट घालून तो म्हणाला, "अरे, ही हिरवी इकडे चुकून आली आहे," आणि ती उचलून दुसऱ्या डब्यात टाकू लागला. मी त्याचा हात धरला. ती चुकलीच आहे, पण मामांनी ठेवलेली आहे, एवढं म्हणालो, आणि ती त्याच्या हातातून घेऊन परत लाल डब्यात ठेवली.